भिंतीवरच्या जिभा

माझे नाव नारायण सखाराम ठोसर, वय वर्षे एक्क्याऐंशी. शाळेत मी फार थोडे दिवस गेलो. जे वाचले ते पुढे आपणहून वाचले. ही कथा मुलांसाठी लिहीत आहे. मोठ्यांनी वाचली तर अधिक बरे, कारण हिच्यातील चूक मुले सहसा करीत नाहीत.

फार प्राचीन काळी, पूर्वेकडील चीन देशात, एका रुंद नदीच्या काठी एक नगर होते. त्या देशातील वैद्य रुग्णाची आधी नाडी पाहत आणि मग जीभ पाहत. शरीरात उष्णता भडकली आहे, की थंडी शिरली आहे, की ओलावा साचला आहे, हे जिभेच्या रंगावरून ओळखावे, अशी त्यांची विद्या होती.

त्या नगरातील एका जुन्या वैद्याने एका निष्णात चित्रकाराकडून जिभांची चित्रे काढवून घेतली होती. प्रत्येक कागदावर एक जीभ; जिभेखाली रोगाचे नाव; नावाखाली औषध. उष्णतेच्या तापाची जीभ चित्रकाराने हिंगुळाने रंगवली. हिंगूळ हा खाणीतून निघणारा लालभडक दगड; तो कुटून, खलून त्याचा रंग करतात. ती जीभ इतकी लाल उतरली, की पाहणाऱ्याच्याच तोंडाला कोरड पडावी. एक चित्र निरोगी जिभेचेही होते. पण हिंगूळ दुर्मिळ होता, म्हणून त्या चित्राला चित्रकाराने साधा गेरू लावला. निरोगी जीभ पाहण्यासाठी वैद्याकडे कोण येणार, असे त्याला वाटले असावे.

ही चित्रे कापराच्या लाकडाच्या पेटीत ठेवलेली असत. वैद्य ती गरजेपुरती बाहेर काढी आणि पुन्हा पेटीत ठेवी.

पुढे त्या नगराला एक न्यायी नगरपाल लाभला. न्यायी होता, कष्टाळू होता, आणि स्वतःच्या न्यायीपणावर त्याचा फार विश्वास होता. नगरात भोंदू वैद्य माजले होते. कोणालाही कसलाही काढा पाजत होते. नगरपालाने आज्ञा केली, "विद्या पेटीत कशासाठी? चित्रे वैद्यशाळेच्या भिंतीवर लावा. समोर मोठी खिडकी पाडा. भरपूर ऊन येऊ द्या, म्हणजे म्हाताऱ्यांनाही स्वच्छ दिसेल. आणि रुग्णाची जीभ चित्राशी जुळल्यावाचून कोणत्याही वैद्याने औषध देऊ नये!"

लोकांनी नगरपालाचा जयजयकार केला. भोंदू वैद्य गाव सोडून गेले. नियम चांगला होता, हे मी मुद्दाम नमूद करतो. कारण वाईट नियमावर लोक निदान लक्ष तरी ठेवतात.

आता हिंगुळाची एक खोड आहे. त्याला ऊन सोसत नाही. अंधारात तो कितीही काळ लाल राहतो. उन्हात मात्र हळूहळू काळवंडतो. भिंतीवरची ती लालभडक जीभ आधी विटकरी झाली, मग तपकिरी झाली, आणि अखेरीस करपलेल्या भाकरीसारखी काळी पडली. गेरू ही माती. तिला उन्हाचे भय नाही. निरोगी जिभेचे चित्र होते तसेच, तांबूस राहिले.

हा बदल नगरात कोणाच्याही लक्षात आला नाही; कारण सगळेजण ती चित्रे रोज पाहत होते.

जुने वैद्य वारले. नवे वैद्य भिंतीकडे पाहून शिकले. उष्णतेच्या तापात जीभ काळी पडते, असे ते पाठ करू लागले. प्रत्यक्षात जीभ काळी पडते ती अगदी शेवटी, ताप हाताबाहेर गेल्यावर. त्याआधी ती लाल असते. पण लाल जीभ भिंतीवर उरली होती ती एकच, गेरूची. आणि तिच्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिले होते, 'निरोगी. औषध नको.'

मग काय होणार? तापाने फणफणलेली माणसे येत, जीभ दाखवीत, आणि "तुम्ही निरोगी आहात" असे ऐकून घरी जात. जीभ काळी पडली की पुन्हा येत. मग त्यांना अगदी योग्य औषध मिळे, आणि ते औषध घेत घेत ती मरत.

वैद्य हळहळत. "लोक फार उशिरा येतात," असे एकमेकांना सांगत. शेवटी त्यांनी दारावर पाटी लावली, 'ताप चढताच यावे.' लोक भले. ताप चढताच येऊ लागले, आणि येताच परत पाठवले जाऊ लागले. वाचक हो, पाटी लिहिणाऱ्या हाताने एकदा एखाद्याच्या कपाळाला स्पर्श केला असता तर ही कथा येथेच संपली असती. पण तसे झाले नाही, म्हणून पुढे सांगणे भाग आहे.

नगराच्या धक्क्यावर एका विधवेची खानावळ होती. नावाडी, हमाल, व्यापारी सगळे तिच्याकडे जेवत आणि तिची बोलणी खात. तिला एकच मुलगी होती. एके दिवशी त्या मुलीला ताप भरला. आईने तिला वैद्यशाळेत आणले. दुय्यम वैद्याने जीभ पाहिली, भिंत पाहिली, आणि मुलगी निरोगी असल्याचे सांगून दोघींना परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा आली. या वेळी मुलीला चालवत नव्हते. दोन हमालांनी तिला खानावळीच्या फळीवर निजवून आणले होते.

दुय्यम वैद्य कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "बाई, काल तर सांगितले. मुलगी निरोगी आहे."

"निरोगी आहे तर उभी का राहत नाही?"

"आळस असेल. या वयात असतो."

"तिच्या अंगावर हात तर ठेवा, वैद्यबुवा. माझ्या चुलीवरची कढई याहून थंड असते."

दुय्यम वैद्याने हात ठेवला नाही. त्याने मुलीची हनुवटी धरली, जीभ पाहिली, आणि गेरूच्या चित्रावर छडी टेकवली. "हे पाहा. लाल आणि लाल. अगदी तंतोतंत. खाली काय लिहिले आहे? वाचता येते ना?"

"येते. 'निरोगी. औषध नको.'"

"मग?"

"मग त्या कागदाला औषध देऊ नका. माझ्या मुलीला द्या."

रांगेतले लोक हसले. दुय्यम वैद्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "बाई, येथे नियम आहे. मनास येईल ते औषध द्यायला ही तुमची खानावळ नव्हे."

"माझ्या खानावळीत आलेल्या माणसाला मी आधी विचारते, भूक आहे का. त्याचे पोट भिंतीवर शोधत नाही."

हा गलबला ऐकून आतून मुख्य वैद्य बाहेर आला. तो वृद्ध होता, अभ्यासू होता, आणि त्या दिवशी सकाळपासून थकलेला होता. रात्री एका लोहाराला त्याने काळ्या जिभेवरचे औषध दिले होते, आणि पहाटे तो लोहार गेला होता.

तो फळीजवळ गुडघ्यावर बसला. त्याने मुलीची नाडी धरली, आणि बराच वेळ सोडली नाही.

"नाडी पळते आहे," तो म्हणाला.

"पळू द्या," दुय्यम वैद्य म्हणाला. "जीभ निरोगी आहे."

"कपाळ भाजते आहे."

"चुलीजवळची माणसे, वैद्यराज. असायचेच. जीभ मात्र निरोगी आहे."

आई कडाडली, "मेल्यावरसुद्धा निरोगीच म्हणाल का हो हिला?"

दुय्यम वैद्याने हात जोडले. तो दुष्ट नव्हता. नियमाने वागणारा होता, आणि रांग लांब होती. तो म्हणाला, "वैद्यराज, इतकाच आग्रह असेल तर शेजारचे चित्र घेऊ. थंडीच्या दोषाचे. फिकट का होईना, तेही तांबूस आहे. सुंठ आणि दालचिनीचा कडक काढा देऊ. काहीतरी दिले म्हणजे बाईंचे समाधान होईल."

मुख्य वैद्य ताडकन उठला. "समाधान? हिच्या अंगात उष्णता असेल आणि वर सुंठ घातली, तर ही मुलगी उद्याची सकाळ पाहणार नाही!"

"पण उष्णता असती तर जीभ काळी असती. भिंतीवर आहे तशी."

 हे वाक्य मुख्य वैद्यानेच दुय्यम वैद्याला शिकवले होते. त्याने भिंतीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, पुन्हा भिंतीकडे पाहिले. मुलीचे ओठ सुकून तडकले होते. ती काही पुटपुटली. आईने कान लावला.

"पाणी मागते आहे," आई म्हणाली. तिच्या आवाजातला सगळा चढ एकदम उतरला होता. "वैद्यराज, मला भांडायला येते, दुसरे काही येत नाही. घरी जा म्हणालात तर मी जाणार नाही. येथेच बसेन. पुढे काय करायचे ते तुम्ही सांगा."

मुख्य वैद्य तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुमची जीभ दाखवा."

"माझी? ती सारा धक्का रोज ऐकतो. पाहण्याची हौस तुम्हालाच दिसते!"

"थट्टा नाही करीत. दाखवा."

तिने जीभ बाहेर काढली. वैद्याने तिला मुलीशेजारी बसवले आणि मुलीलाही जीभ काढायला सांगितले. आईची जीभ फिक्या गुलाबी रंगाची, ओलसर होती. मुलीची पिकल्या मिरचीसारखी लाल आणि कोरडी होती.

"बाई, तुम्हाला काही दुखणे?"

"डोकेदुखी आहे. समोर उभी आहे." तिने दुय्यम वैद्याकडे बोट दाखवले.

"म्हणजे काही नाही. भूक, झोप ठीक?"

"अगदी."

मुख्य वैद्य दुय्यम वैद्याला म्हणाला, "या दोन जिभांपैकी निरोगी कोणती?"

"दोन्ही—" असे म्हणून तो थांबला. कारण दोन्ही म्हणणे शक्य नव्हते. त्या शेजारी शेजारी होत्या.

"आता तुझी काढ."

"माझी? रांगेसमोर?"

"काढ!"

दुय्यम वैद्याने जीभ काढली. ती आईच्या जिभेसारखीच फिकी होती. मग मुख्य वैद्य रांगेकडे वळला. "तुम्ही सर्वांनी काढा. रुग्णांनीही, आणि त्यांना घेऊन आलेल्यांनीही." रांगेला वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. पण जीभ काढण्यासाठीच तर सगळे आले होते, म्हणून सर्वांनी काढल्या. एक म्हातारी विणकरीण, दोघे नावाडी, एक लठ्ठ धान्यव्यापारी आणि त्याची बायको, फळी उचलून आणणारे दोन्ही हमाल. मुख्य वैद्य एकेका जिभेपुढे थांबत गेला. कोणाची पिवळट होती, कोणाची पांढुरकी, धडधाकट हमालांची स्वच्छ गुलाबी. मुलीच्या जिभेसारखी एकही नव्हती.

तो परत आला आणि गेरूच्या चित्रासमोर उभा राहिला.

"या शाळेत चित्राप्रमाणे निरोगी माणूस एकच आहे," तो म्हणाला, "आणि तिला उभे राहता येत नाही."

कोणी हसले नाही.

"उष्णतेवरचा काढा उकळत ठेव," त्याने दुय्यम वैद्याला सांगितले. "शेवंतीची फुले, पुदिना, आणि कडू मुळ्या. पूर्ण मात्रेचा."

"वैद्यराज! चित्र जुळले नाही. नियम मोडला तर नगरपाल तुमचे पद काढून घेतील."

"काढून घेऊ देत. मुलीचा ताप त्यांच्या निकालाची वाट पाहत थांबणार आहे का?"

"आणि तुमचे अनुमान चुकले तर?"

मुख्य वैद्य म्हणाला, "चुकले तर ते माझ्या हातून चुकेल. तू फक्त पाणी उकळ."

काढा उकळेपर्यंत तो काळ्या जिभेच्या चित्रापुढे उभा राहिला. हे असे का, हा प्रश्न त्याला सोडीना. भिंत चित्रांना अपुरी पडली होती, म्हणून लावणाऱ्यांनी प्रत्येक कागदाची कड शेजारच्या कागदावर चढवली होती. त्याने शेजारच्या कागदाची कड बोटाने उचलली. तिच्याखाली, जेथे ऊन कधी पोहोचले नव्हते, तेथे काळ्या जिभेची एक अरुंद पट्टी उघडी पडली. ती पट्टी लालभडक होती. मुलीच्या जिभेच्या रंगाची.

दुय्यम वैद्याने ती पाहिली आणि त्याच्या हातातला चुलीला वारा घालायचा पंखा खाली पडला.

रांगेतली म्हातारी विणकरीण पुढे आली. तिने पट्टी जवळून पाहिली. मग मुलीची जीभ पाहिली.

"वैद्यराज," ती म्हणाली, "माझ्या मुलाची जीभ अशीच होती. तुम्ही म्हणालात, निरोगी आहे."

"हो आजी. मी म्हणालो."

"मी त्याला घरी नेले."

"हो."

"पुन्हा आणला तेव्हा म्हणालात, उशीर केला. मी सर्वांना हेच सांगत आले, की मी उशीर केला."

मुख्य वैद्याने मान खाली घातली. "उशीर तुम्ही केला नव्हता, आजी. आता याहून जास्त बोलण्याचे तोंड मला नाही."

म्हातारीने त्याला दूषण दिले नाही. ती फळीकडे वळली, बाहीचे टोक पाण्यात बुडवून तिने मुलीचे ओठ ओले केले, आणि वैद्याला म्हणाली, "बस हिच्यापाशी. उठू नकोस."

तो बसला. घोटाघोटाने काढा मुलीच्या पोटात गेला. दिवस मावळेपर्यंत आई एक शब्दही बोलली नाही. धक्क्यावरच्या लोकांनी पुढे कितीतरी वर्षे या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. पहाटे मुलीला घाम फुटला. अंग निवले. तिने डोळे उघडून विचारले, "आई, खानावळ कोण पाहते आहे?"

"तुझा काका," आई म्हणाली. "म्हणजे आज धंदा बुडाला." आणि मग ती रडली.

सकाळी नगरपाल आला. तोही आता म्हातारा झाला होता. नियम मोडल्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचली होती. त्याने मुलगी पाहिली, काळी जीभ पाहिली, कडेखालची लाल पट्टी पाहिली. सर्व ऐकून घेतले. न्यायी माणूस होता. ऐकून घेण्यात त्याने कधी कसूर केली नाही.

"समजले," तो म्हणाला. "चित्रे खराब झाली आहेत. नवी काढा. दुप्पट मोठी काढा! हिंगूळ मी पाठवतो. आणि ती खिडकी आणखी रुंद करा, म्हणजे रंगातला फरक लगेच दिसेल."

मुख्य वैद्याने डोळे मिटून घेतले. आईने तोंड उघडले. विणकरणीने तिचा हात दाबला.

"महाराज," मुख्य वैद्य शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "खिडकीच्या उन्हानेच चित्रे काळी पडली. नवीही पडतील."

"मग पुन्हा काढू."

"मधल्या काळात जे मरतील त्यांचे काय?"

नगरपालाने खिडकीकडे पाहिले.

"आणि दोष चित्रांचाही नाही, महाराज. चित्रकाराने पाहिले ते रंगवले. आम्ही मात्र जीभ चित्राशी ताडून पाहत राहिलो. चित्र एकदाही जिभेशी ताडून पाहिले नाही. पहिल्याच वर्षी पाहिले असते तर कळले असते."

"मग नियम कसा असावा? रुग्ण चित्राशी जुळला नाही तर वैद्याने काय करावे?"

"चित्र उतरवून पाहावे. रुग्णाला घरी पाठवू नये."

नगरपालाने विचार केला. त्याने नियम बदलण्याची आज्ञा दिली. पण नियम मोडला तेव्हा जुना नियम लागू होता, हेही त्याने नमूद केले. आणि नियम मोडल्याबद्दल मुख्य वैद्याला पदावरून दूर केले. आईने तेथल्या तेथे नगरपालाला जे सुनावले ते मुलांच्या कथेत लिहिण्याजोगे नाही.  मुख्य वैद्याने आपली औषधांची पिशवी उचलली आणि सर्वांत आधी तो विणकरणीच्या घरी गेला. ज्या ज्या घरी त्याने 'निरोगी' म्हणून माणूस परत पाठवला होता, त्या त्या घरी तो एकेक करून गेला, आणि उशीर तुमचा नव्हता, माझी चूक होती, असे सांगून आला. काही घरांनी त्याला पाणी दिले. काहींनी दार लावून घेतले.

बोध असा: ज्ञानाचे चित्र कितीही जुने आणि मान्य असो, समोरच्या माणसाचे दुखणे आधी त्या माणसातच पाहावे.

त्या दिवसापासून त्या नगरात रोगांची नव्याने रंगवलेली चित्रे पुन्हा पेटीत गेली आणि वर्षातून एकदा जिवंत जिभांशी ताडून तपासली जाऊ लागली. निरोगी जिभेचे चित्र मात्र पुन्हा कोणी रंगवले नाही; त्याऐवजी वैद्य रुग्णाबरोबर आलेल्या धडधाकट माणसालाच म्हणू लागले, "तुमचीही जीभ दाखवा."